उपसंचांची गणती : त्रेसष्ट कीं चौसष्ट ?

गणितांतील जे शब्द व्यवहारांतून उचललेले असतात, तेच विद्यार्थ्यास बहुधा अधिक फसवितात. 'संच' हा तसाच एक शब्द आहे. भांड्यांचा संच, पुस्तकांचा संच असें आपण घरीं बोलतों. त्यामुळें संच म्हणजे काय हें आपणांस ठाऊकच आहे असें वाटतें, आणि 'उपसंच' हा शब्द आला म्हणजे 'संचाचा लहानसा तुकडा' एवढा अर्थ मनाशीं धरून आपण पुढें जातों. मग 'सहा घटकांच्या संचाचे उपसंच किती ?' असा प्रश्न निघाला कीं वर्गांत दोन तट पडतात. कांहीं त्रेसष्ट म्हणतात, कांहीं चौसष्ट म्हणतात. परीक्षेंत चौसष्ट हेंच उत्तर बरोबर धरलें जातें हें खरें. परंतु त्रेसष्ट म्हणणारा विद्यार्थी अगदींच निराधार बोलत नाहीं. त्याच्या बाजूस प्रत्यक्ष भास्कराचार्य उभे आहेत. आणि मौज अशी कीं, चौसष्ट म्हणणाराच्या बाजूसहि तेच उभे आहेत ! हें कसें, तें सांगण्याकरितां प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

प्रथम संच कशास म्हणावयाचें तें ठरवूं. ज्या समूहाविषयीं 'अमुक वस्तु यांत आहे कीं नाहीं ?' या प्रश्नाचें उत्तर निश्चितपणें 'आहे' किंवा 'नाहीं' असें देतां येतें, तो संच होय. 'गोंदिया जिल्ह्यांतील मोठे तलाव' हा संच नव्हे. नवेगांवबांधाविषयीं कोणी वाद घालणार नाहीं; परंतु आपापल्या गांवचा तलाव मोठा कीं लहान, यावर दोन शेतकऱ्यांचें एकमत होईलच असें नाहीं. उलट 'गोंदिया जिल्ह्यांतील तालुके' हा निर्विवाद संच आहे. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. त्याचे तालुके आठ आहेत : गोंदिया, गोरेगांव, तिरोडा, आमगांव, सालेकसा, देवरी, सडक-अर्जुनी आणि अर्जुनी-मोरगांव. हीं नांवें कोणत्याहि क्रमानें लिहिलीं तरी संच तोच राहतो, आणि चुकून एखादें नांव दोनदां लिहिलें म्हणून घटक नऊ होत नाहींत.

येथेंच एक बारीक खांच आहे, ती पाहून मग पुढें जावें. आपल्याकडे 'गोंदिया' हें नांव तीन वस्तूंस आहे : एक शहर, एक तालुका आणि एक जिल्हा. आपल्या संचाचा घटक आहे तो गोंदिया तालुका. गोंदिया शहर हा त्या संचाचा घटक नव्हे, कारण शहर म्हणजे तालुका नव्हे. आतां गोंदिया तालुक्याच्या नांवाची एक चिठ्ठी टोपलींत टाका, आणि त्या टोपलींत दुसरें कांहींहि ठेवूं नका. चिठ्ठी वेगळी आणि चिठ्ठी असलेली टोपली वेगळी, हें लहान मूलहि सांगेल. त्याचप्रमाणें 'गोंदिया तालुका' हा घटक आहे, आणि 'ज्यांत केवळ गोंदिया तालुका आहे असा संच' हा उपसंच आहे. घटक असणें आणि उपसंच असणें या दोन नात्यांची ज्यानें गल्लत केली, त्याची पुढील सर्व गणती बिघडते. आमच्या मतें या प्रकरणांतील निम्म्याहून अधिक चुका येथूनच उद्भवतात.

उपसंचाची व्याख्या अशी : ज्या संचाचा प्रत्येक घटक मूळ संचांतहि असतो, तो मूळ संचाचा उपसंच. ज्या तालुक्यांच्या नांवांत 'गांव' हा शब्द येतो त्यांचा गट घ्या. त्यांत गोरेगांव, आमगांव व अर्जुनी-मोरगांव हे तीन येतात. हा उपसंच झाला. ज्यांच्या नांवांत 'अर्जुनी' येते असे दोनच. हाहि उपसंच झाला. 'ज्यांच्या नांवांत निदान एक अक्षर आहे' अशी अट घातली तर आठहि तालुके येतात. म्हणजे अख्खा संच हा स्वतःचाच उपसंच होतो. 'लहानसा तुकडा' हा आपला घरगुती अर्थ येथें प्रथम लंगडा पडतो. शेवटीं 'ज्यांस समुद्रकिनारा लाभला आहे असे तालुके' अशी अट घाला. या गटांत एकहि नांव येत नाहीं. हा रिक्त संच. हा उपसंच म्हणावा कीं नाहीं, यावरच सारा झगडा आहे.

व्याख्येला चिकटून राहिलें तर निकाल सरळ लागतो. एखादा गट उपसंच नाहीं असें ज्याला म्हणावयाचें असेल, त्यानें त्या गटांतील असा एक घटक काढून दाखविला पाहिजे कीं, जो मूळ संचांत नाहीं. कोणी 'गोंदिया, तुमसर' असा गट केला तर तुमसरकडे बोट दाखवून तो नाकारतां येतो, कारण तुमसर तालुका भंडारा जिल्ह्यांत आहे. परंतु रिक्त संचांत बोट दाखविण्यास कोणी नाहींच ! ज्याच्याविरुद्ध साक्षीदार उभा करतां येत नाहीं, त्यास न्यायाधीश दोषी ठरवूं शकत नाहीं. तेव्हां रिक्त संच हा प्रत्येक संचाचा उपसंच ठरतो. व्याख्येच्या दृष्टीनें एवढें पुरेसें आहे. तथापि केवळ शब्दांच्या कसरतीनें मनाचें समाधान होत नाहीं, म्हणून आतां गणतीकडे वळूं.

आठ तालुक्यांची नांवें एका ओळींत लिहा आणि प्रत्येकास विचारा, 'तूं या गटांत येतोस काय ?' प्रत्येकाचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' यांपैकीं एक. आठ उत्तरें मिळालीं कीं एक उपसंच पुरा ठरला; आणि एका जरी तालुक्यानें उत्तर बदललें तरी उपसंच बदलला. म्हणून उपसंच मोजणें म्हणजे 'होय-नाहीं' च्या अशा ओळी मोजणें होय. केवळ गोंदिया तालुका असेल तर ओळी दोन. त्यांत तिरोडा मिळविला तर चार : दोघेहि नाहींत, एकटा गोंदिया, एकटा तिरोडा, दोघेहि आहेत. आमगांव मिळविला तर या चारांपैकीं प्रत्येकीच्या दोन होतात, एक आमगांवासह व एक आमगांवावांचून, म्हणून आठ. नवा घटक आला कीं संख्या दुप्पट होते, हें येथें दिसून येतें. आणि ती कां दुप्पट होते हेंहि दिसून येतें, हें अधिक महत्त्वाचें. २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. आपल्या आठ तालुक्यांचे उपसंच २५६ झाले.

आतां या २५६ उपसंचांची वांटणी पाहूं. एक तालुका असलेले किती, दोन असलेले किती, इत्यादि. याकरितां जो नियम आजहि शाळांतून शिकवितात, तो भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० मध्यें रचिलेल्या 'लीलावती'त स्पष्ट दिला आहे. ८, ७, ६ असे उतरते अंक वर लिहावे, त्यांच्याखालीं १, २, ३ असे चढते अंक लिहावे, आणि वरच्यानें गुणून खालच्यानें भागीत जावें. ८ ला १ नें भागून ८. त्यास ७ नें गुणून २ नें भागलें कीं २८. त्यास ६ नें गुणून ३ नें भागलें कीं ५६. पुढें ७०, ५६, २८, ८ आणि १. भागावयाचें कां, तें चिठ्ठ्यांवरून कळतें. प्रथम देवरी व मग आमगांव काढला काय, किंवा प्रथम आमगांव व मग देवरी काढला काय, गट एकच होतो. म्हणून ८ गुणिलें ७ यांत प्रत्येक जोडी दोनदां मोजली गेलेली असते. तिघांचा गट सहा प्रकारच्या क्रमांनीं हातीं येतो. कारण समजलें म्हणजे नियम विसरला तरी तो पुन्हां घडवितां येतो.

हे अंक आम्हीं तालुक्यांकरितां काढले. पण भास्कराचार्यांच्या ग्रंथांत नेमकें आठांचेंच उदाहरण आहे. राजाच्या एका सुंदर प्रासादास आठ झरोके आहेत. त्यांतील एक, दोन, तीन याप्रमाणें उघडले असतां किती प्रकार होतील, असें ते विचारतात. उत्तर ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८, १; बेरीज २५५. दोनशें छप्पन्न नव्हे, दोनशें पंचावन्न ! सर्व झरोके बंद असलेला प्रकार त्यांनीं धरला नाहीं.

त्याच उदाहरणाचा दुसरा भाग षड्रसांचा आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट हे सहा रस एकेक, दोनदोन, तीनतीन असे मिसळून किती प्रकारच्या चवी होतील ? (संस्कृत वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनीं येथें सावध असावें : वैद्यकांतील 'कटु' म्हणजे आपलें तिखट, आणि आपलें कडू तें 'तिक्त' होय.) उत्तर ६, १५, २०, १५, ६, १, बेरीज ६३. ही संख्या वैद्यांस भास्कराचार्यांच्याहि पूर्वीं शेंकडों वर्षें ठाऊक होती. चरकसंहितेंत एकेरी रस सहा आणि मिश्र रस सत्तावन्न असे मिळून त्रेसष्ट भेद सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेंतहि त्रेसष्टच आहेत.

हे भेद केवळ कागदावरचे नव्हेत. आपल्या जंगलांत मिळणारा हिरडा घ्या. आयुर्वेदाच्या मतें त्यांत खारट सोडून पांचहि रस आहेत. लसणांत आंबट सोडून पांच रस आहेत. आणि 'रसोन' हें लसणाचें संस्कृत नांव 'एका रसानें ऊन', म्हणजे उणा, असें भावप्रकाशांत फोडून दाखविलें आहे. पांच रस निवडणें आणि एक रस वगळणें हें एकच काम आहे, हें त्या एका नांवांत येऊन जातें. म्हणूनच पांच रसांचे भेद सहा आणि एका रसाचे भेदहि सहा. चार रसांचे पंधरा आणि दोन रसांचेहि पंधरा. वरील ओळी दोन्ही टोंकांकडून सारख्या कां वाचल्या जातात, हें यावरून उमगतें. मात्र एक टोंक अडतें. सहाहि रसांचा भेद एक आहे. त्याचा जोडीदार, म्हणजे सहाहि रस वगळलेला भेद, वैद्यांच्या यादींत नाहीं. ओळ एका बाजूनें तुटल्यासारखी दिसते.

ती तुटलेली बाजू जुळलेली पाहावयाची असेल तर याच नियमाखालीं दिलेलें छंदाचें उदाहरण पाहावें. गायत्री छंदाच्या चरणांत सहा अक्षरें असतात (हा लौकिक छंदःशास्त्रांतील गायत्रीचा हिशेब, वेदांतील गायत्रीचे चरण तीन व प्रत्येकीं आठ अक्षरांचे). प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु. तर अशा चरणाचे प्रकार किती ? एक गुरु असलेले ६, दोन गुरु असलेले १५, मग २०, १५, ६ आणि सर्व गुरु असलेला १. येथपर्यंत अंक रसांचेच आहेत. परंतु यापुढें भास्कराचार्य आणखी एक मिळवितात : सर्व लघु असलेला १. बेरीज ६४.

एकच ग्रंथ, एकच नियम, सहाच वस्तु. एका ठिकाणीं त्रेसष्ट आणि दुसऱ्या ठिकाणीं चौसष्ट. यांत विसंगति आहे काय ? आमच्या मतें मुळींच नाहीं. ज्या चरणांत एकहि गुरु नाहीं, तो चरण नाहींसा झालेला नसतो. तो तोंडानें म्हणतां येतो, कानांनीं ऐकतां येतो. गुरूंचा गट रिकामा आहे, पण चरण रिकामा नाहीं. उलट ज्या औषधांत सहांपैकीं एकहि रस नाहीं, त्यास रसाचा भेद म्हणून वैद्य काय देणार ? प्रश्न 'किती चवी होतात ?' असा असल्यामुळें चवीचा अभाव ही एक चव म्हणून मोजणें अप्रयोजक झालें असतें. झरोक्यांचेंहि तसेंच : सर्व झरोके बंद केले तरी प्रासाद उभाच असतो, परंतु विचारलेला प्रश्न उघडण्याच्या प्रकारांचा आहे. गणती करण्यापूर्वीं आपण कोणती वस्तु मोजीत आहों हें भास्कराचार्यांनीं प्रत्येक वेळीं नीट पाहिलें आहे.

मग आधुनिक संचशास्त्रानें चौसष्टाचाच पक्ष कां घेतला ? त्याचें कारण असें कीं, त्या शास्त्राला चवी किंवा झरोके मोजावयाचे नसून सर्व उपसंचांस एकत्र नांदवावयाचें आहे. दोन उपसंचांत जे घटक सामाईक असतात, त्यांचाहि उपसंच व्हावा अशी अपेक्षा असते. 'गांव' नांवाचे तालुके आणि 'अर्जुनी' नांवाचे तालुके यांत सामाईक अर्जुनी-मोरगांव, ठीक झालें. परंतु 'गांव' नांवाचे तालुके आणि 'गोंदिया, तिरोडा' हा गट यांत सामाईक कोणीच नाहीं. रिक्त संचास उपसंच न मानल्यास येथें उत्तरच उरत नाहीं, आणि प्रत्येक नियमास 'सामाईक घटक असल्यास' असें शेंपूट लावावें लागतें. दुप्पट होण्याचा नियमहि मोडतो : १ घटकाचा १ उपसंच, २ घटकांचे ३, ३ घटकांचे ७. या अंकांत १ मिळविल्याशिवाय त्यांचा परस्परसंबंध दिसत नाहीं. आपल्याकडील छंदःशास्त्री सर्वलघु चरण प्रथमपासूनच मोजीत आल्यामुळें त्यांना ही अडचण कधीं पडलीच नाहीं.

त्या छंदःशास्त्र्यांत अग्रणी पिंगल. दोनाचा कोणताहि घात थोडक्यांत काढण्याची त्यानें दिलेली युक्ति फार सुंदर आहे. संख्या सम असेल तर निम्मी करावी व 'वर्ग' अशी खूण लिहावी. विषम असेल तर एक वजा करावा व 'दुप्पट' अशी खूण लिहावी. शून्य येईपर्यंत असें करावें. सहा अक्षरांकरितां : ६ चे निम्मे ३ (वर्ग), ३ उणे १ म्हणजे २ (दुप्पट), २ चे निम्मे १ (वर्ग), १ उणे १ म्हणजे ० (दुप्पट). आतां १ पासून आरंभ करून खुणा शेवटाकडून वाचीत यावें : १ ची दुप्पट २, त्याचा वर्ग ४, त्याची दुप्पट ८, त्याचा वर्ग ६४. मोठ्या संख्यांस या युक्तीनें किती श्रम वांचतात, हें करून पाहिल्यावांचून कळणार नाहीं. गायत्रीच्या चारहि चरणांचीं मिळून चोवीस अक्षरें होतात; त्यांचे प्रकार भास्कराचार्यांनीं दिले आहेत ते १,६७,७७,२१६. दर सेकंदास एक याप्रमाणें रात्रंदिवस लिहीत बसलें तरी ही यादी पुरी होण्यास एकशें चौऱ्याण्णव दिवसांहून अधिक लागतील. यादी करून मोजणें आणि विचार करून मोजणें यांतील अंतर एवढें आहे.

या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें खानदेशांत चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापिला. तेथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं विद्वानांच्या नजरेस आणला. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतांत असला तरी शेवटच्या ओळी जुन्या मराठींत आहेत. 'लीलावती'चा अभ्यास महाराष्ट्रांत किती जुना आहे, याचा हा दगडी दाखला होय.

उपसंचांच्या गणतीस अगदीं निराळें वळण दिलें तें जर्मनींतील गेओर्ग कांटोर (१८४५–१९१८) या गणितज्ञानें. १८९१ सालीं त्यानें मांडलेली युक्ति आपल्या आठ तालुक्यांवरच समजून घेऊं. समजा, प्रत्येक तालुक्यास कोणीतरी एकेक उपसंच वांटून दिला. गोंदियास एक, तिरोड्यास एक, याप्रमाणें. आतां प्रत्येक तालुक्यास विचारा, 'तुला मिळालेल्या गटांत तुझें स्वतःचें नांव आहे काय ?' जे 'नाहीं' म्हणतील त्यांचा एक नवा गट करा. हा गट कोणाच्या वांट्यास आलेला असेल ? देवरीच्या वांट्यास आला असें म्हणावें, तर देवरी त्या गटांत आहे कीं नाहीं ? असेल, तर तिनें 'नाहीं' म्हटलें असलें पाहिजे, म्हणजे ती त्यांत नाहीं. नसेल, तर तिनें 'आहे' म्हटलें असलें पाहिजे, म्हणजे ती त्यांत आहे. दोन्हीकडून विरोध. तोच प्रकार आठहि तालुक्यांचा. म्हणून हा गट कोणालाच मिळालेला नाहीं. आठ तालुके २५६ उपसंचांस पुरे पडत नाहींत हें आपणांस ठाऊकच होतें; परंतु या युक्तिवादांत 'आठ' या संख्येचा उपयोग कोठेंहि झालेला नाहीं. म्हणून तो १, २, ३, ४ या न संपणाऱ्या संख्यांसहि तसाच लागू पडतो : त्या संख्या अनंत, त्यांचे उपसंचहि अनंत, तरी दुसरें अनंत पहिल्याहून निश्चित मोठें.

आणि सर्वच तालुके 'आहे' म्हणाले तर ? तर 'नाहीं' म्हणणारांचा गट रिक्त राहील, आणि कोणालाच न मिळालेला उपसंच तो रिक्त संचच असेल. तो उपसंचांतून वगळला असता, तर कांटोरचा युक्तिवाद नेमका येथें कोसळला असता. एकच घटक असलेल्या संचावर हें ताडून पाहावें.

वाचकांनीं पुढील उदाहरणें यादी न करितां सोडवावीं. (१) आठ तालुक्यांच्या उपसंचांपैकीं किती उपसंचांत गोंदिया आहे पण देवरी नाहीं ? (२) ज्यांत 'गांव' नांवाचा निदान एक तालुका येतो असे उपसंच किती ? (३) गोंदिया जंक्शनावरून नागपूर, दुर्ग, बालाघाट व बल्लारशा अशा चार दिशांस लोहमार्ग जातात. एका ठरावीक तासांत यांपैकीं कोणकोणत्या दिशांस गाडी सुटली, याची नोंद किती निरनिराळ्या प्रकारें होऊं शकेल ? या तिसऱ्या उदाहरणांत पंधरा कीं सोळा, याचा निर्णय कारणासह द्यावा.